पौषातला मुसांडा

झाडं माणसांशी तोंडावर बोलायची, तेव्हाची गोष्ट. पौषात कौसाबाईच्या अंगणातल्या मुसांड्याची सगळी पानं गळाली. फुलपाखरं त्याच्याकडे वळेनात. दिवसभर त्याच्याशी कोणी बोलेना.

शेजारचा क्रोटन म्हणाला, "मेला हा. बाई, उपटा त्याला आणि जागा मला द्या."

कौसाबाईने कुदळ आणली.

मुसांडा हळूच म्हणाला, "बाई, आधी नख लावून बघा."

तिने नखाने फांदीची साल खरवडली. आत हिरवं होतं. "झोपलाय नुसता," ती क्रोटनवर खेकसली, "आणि तू त्याचं मढं उचलायला निघालास." तिने फांद्या छाटल्या आणि कुदळ परत नेली.

वैशाखात मुसांडा गुलाबी फुलला. फुलपाखरांची रीघ लागली. क्रोटन गोड हसला, "आपण जुने शेजारी, नाही का?"

"हो," मुसांडा म्हणाला. "पौषातही मी इथंच होतो."