एका पोर्टवर दोन सर्व्हर

परीक्षा उद्यावर आलेली आणि कॉलेजची हॉलतिकिटांची वेबसाइट सकाळपासून बंद. ती सांभाळणारी केतकी घैसास वेबसाइट चालवणारा जावाचा सर्व्हर सुरू करून करून मेटाकुटीला आली होती. दर वेळी पडद्यावर एकच उत्तर यायचं, पोर्ट आधीच वापरात आहे. पोर्ट म्हणजे संगणकाचा क्रमांक दिलेला दरवाजा, आणि तो वापरात असणारच! विभागप्रमुख भाटवडेकर सरांनी पाहुण्यांना दाखवायला आपला जुना सर्व्हर त्याच संगणकाच्या त्याच पोर्टवर चालू करून ठेवला होता.

"सर, एका पोर्टवर एकच सर्व्हर चालतो. तुमचा बंद करू?" तिने चौथ्यांदा विचारलं.

"माझ्या सर्व्हरला हात लावायचा नाही!" सर कडाडले. "आणि तुझाही तिथेच सुरू झाला पाहिजे. आत्ताच्या आत्ता! मला कारणं सांगू नकोस."

केतकीने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "बरं सर. पण उभे का? या, माझ्या खुर्चीत बसा."

ती मात्र जागची हलली नाही.

"अगं, तू उठल्याशिवाय मी बसू कसा?" सर वैतागले.

"सकाळपासून माझा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला हेच विचारतोय, सर."

खोलीतल्या बाकीच्या कर्मचाऱ्यांत हशा पिकला. सरांनी पुढे वाकून स्वतःच्या हाताने जुना सर्व्हर बंद केला.