कुंड आणि तोफ

फार वर्षांमागे समुद्रकाठच्या एका किल्ल्यातल्या संग्रहालयात, चर्चमधलं एक जुनं दगडी कुंड ठेवलेलं होतं. त्याच्या पाण्याने शेकडो बाळांचा बाप्तिस्मा झाला होता. ते चर्चमध्ये असतानाच किल्ल्याला वेढा पडला होता, तेव्हा तोफेचा गोळा लागून त्याचा एका बाजूचा काठ उडाला होता.

एके दिवशी त्याच्यासमोर एक तोफ आणून ठेवली. कुंडाने तिला लगेच ओळखलं; तो गोळा तिचाच होता.

"मला हुकूम होता," एवढंच तोफ म्हणाली. मग वर्षभर दोघं बोलली नाहीत.

पावसाळ्यात छत गळू लागलं आणि धार नेमकी तोफेवर पडू लागली. तिच्या अंगावरून गंजाचे पापुद्रे सुटू लागले. कुंडाला ते बघवेना.

"इनासमामा," ते राखणदाराला म्हणालं, "तिला बाजूला घ्या आणि मला तिथे ठेवा."

"अरे, तिनंच तुला फोडलं ना?"

"हो. पण तिला गंज खाईल. मला पाण्याची सवय आहे."

इनासने माणसं बोलावून दोघांच्या जागा बदलल्या. कुंडात फुटक्या काठापर्यंत पाणी साठलं. तोफ कोरड्या कोपऱ्यातून बराच वेळ बघत राहिली.

"तेव्हा फार दुखलं का रे?" तिने हळूच विचारलं.

"हो गं," कुंड म्हणालं, "फार दुखलं. विचारलंस, बरं केलंस."