पालथ्या विटांचा रस्ता

ओहायो नदीच्या काठावर केटल बेंड नावाचं लहानसं गाव आहे. धक्क्यापासून चर्चपर्यंत चढत जाणारा तिथला रस्ता विटांचा आहे, आणि त्यातली प्रत्येक वीट उलटी बसवलेली आहे. पाहुणे येतात, चार पावलं टाकतात, घसरतात आणि चिडून विचारतात, असला रस्ता बांधला कुणी? गावातली म्हातारी माणसं त्यांना हात देऊन उठवतात आणि मगच गोष्टीला सुरुवात करतात. एकदा घसरल्याशिवाय ती नीट कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

नदीतून वाफेच्या बोटी चालत त्या काळी इथे क्रँडल नावाच्या मालकाची वीटभट्टी होती. सगळं गाव तिच्यावर जगायचं. क्रँडलला स्वतःच्या नावाचं भारी वेड. प्रत्येक विटेच्या वरच्या अंगावर ते ठसठशीत अक्षरांत उमटलेलं असे. देवाने माती केली खरी, पण सही करायला विसरला, ती चूक मी सुधारतोय, असं तो म्हणायचा म्हणे.

एका वसंतात नदी फुगली. पाणी भट्टीच्या आवारात शिरलं तेव्हा भट्टी ऐन पेटलेली होती. मजूर निघू लागले, तसा क्रँडल गरजला, "भट्टी विझली तर उद्या कामावर यायचं नाही कुणी!" सात जण जाळापाशी थांबले. पाणी तापलेल्या भिंतीला भिडलं, वाफेचा स्फोट होऊन भिंत फुटली आणि सातही जणांना नदीने नेलं. एकाचंही प्रेत हाती लागलं नाही. त्यांत डॅन टूमी होता.

डॅनची बायको ब्रिजिड तोंडाची फटकळ होती. धक्क्यावर सात नावांचा दगड बसवा, एवढंच तिने मागितलं. क्रँडलने साफ नकार दिला. पुराचा दोष माझ्या माथी नको, म्हणाला. वर पुराआधी भाजून ठेवलेल्या साऱ्या विटा त्याने रस्त्यासाठी गावाला दान करून टाकल्या. नाव वर दिसलं पाहिजे, ही अट घालून.

ब्रिजिडच्या अंगाची लाही लाही झाली. डॅनला थडगं नाही, नाव नाही, आणि ज्याच्यापायी तो गेला त्याचं नाव तिने रोज चर्चला जाताना वाचायचं? ती तडक विटांच्या ढिगाकडे गेली. निदान एक तरी वीट नदीत फेकायची म्हणून तिने उचलली, आणि हाताला खालच्या अंगाचे खळगे लागले. ओली वीट वाळवायला नेताना उचलणाऱ्याची बोटं तिच्यात रुतत आणि ते ठसे तसेच भाजून निघत. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी कधी निरखून पाहिलं नव्हतं. एरवी चार बोटांचे चार खळगे असत, या विटेवर तीनच होते. डॅनच्या हाताचं एक बोट भट्टीच्या दारात सापडून तुटलेलं होतं.

विटेत बोटं घालून ती पोटभर रडली, असं सांगतात. मग डोळे पुसून रस्त्याच्या कामावरच्या मुख्य गवंड्याकडे, ओटिस फेनिमोरकडे गेली.

"ओटिस, त्या सात जणांची नावं लावू देत नाही ना क्रँडल? मग हात तरी दिसू देत."

ओटिसने विटेवरून अंगठा फिरवून पाहिला. "ब्रिजिड, हे अंग गुळगुळीत आहे गं. बर्फात घोडे पडतील."

"मी बर्फावर राख टाकीन, मग खूर घसरणार नाहीत."

"अख्ख्या रस्त्यावर?"

"मरेपर्यंत टाकीन. तू विटा बसव."

क्रँडल तेव्हा नव्या यंत्रांसाठी पिट्सबर्गला गेला होता. परतून बोटीतून उतरला तेव्हा रस्ता पुरा झाला होता. तो वाकून वाकून आपलं नाव शोधत चर्चपर्यंत गेला. मग जे कळायचं ते कळलं. रस्ता उखडा, नाहीतर भट्टी हलवतो, असा त्याने दम दिला. कुणी जागचं हललं नाही. "पडू द्या बर्फ," तो म्हणाला, "तुमचे घोडे जायबंदी झाले की तुम्हीच गुडघे टेकून विटा उलटवाल."

"वाट बघा," ब्रिजिड म्हणाली.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी ती आपल्या चुलीतली राख बादलीत भरून एकटीच धक्क्यावर आली. पहिली मूठ टाकली. बादली लगेच संपली आणि चढण तर सगळी पुढेच होती. तेवढ्यात एक दार उघडलं, मग दुसरं. बाकीच्या सहा जणांच्या बायका आल्या, ओटिस आला, दुपारपर्यंत गावातल्या साऱ्या चुली रिकाम्या झाल्या. त्या हिवाळ्यात एकही घोडा पडला नाही म्हणे. घोड्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

क्रँडलने भट्टी खरोखरच हलवली. गावाने पुढची काही वर्षं हाल काढले, उपास काढले, पण एक वीट उलटवली नाही.

आजही पहिला बर्फ पडला की घराघरांतून लोक राख घेऊन निघतात. आता चुली गॅसच्या आल्या, म्हणून शरद ऋतूत मुद्दाम अंगणात लाकडं जाळून राख साठवतात. बर्फ वितळतो, बाकीची राख वाहून जाते, फक्त खळग्यांतली मागे राहते आणि चढणभर काळी बोटं उमटतात. क्रँडलचं नाव खाली मातीत तोंड खुपसून पडलेलं आहे. चर्चच्या पायरीशी तीन खळग्यांची ती वीट आहे. जाता-येता गावातला प्रत्येक जण वाकून तिच्यात हात ठेवतो, आणि त्यासाठी एक बोट दुमडून घेतो.