दोन अंगरखे घातलेला शुक्राणू

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे, नव्हतो. होतोच म्हणा, पण इतका बारीक होतो की आता काही आठवत नाही. तुम्हीही होतात, कुठे चुकलं तर सांगा.

फार फार पूर्वी एक आटपाट देह होता. त्या देहात एक नागमोडी बोळ होता, आणि बोळात शुक्राणू राहत होते. एवढंसं डोकं, लांबलचक शेपूट. तिथे ते पोहायला शिकत. निघताना प्रत्येकाला एक तेलकट अंगरखा मिळे, वाटेत अंग सोलवटू नये म्हणून.

सगळ्यांचं मन एकाच गोष्टीत अडकलेलं. दुसऱ्या देहात बीजांडाचं गोल घर होतं. त्याची भिंत हातांनी घट्ट धरायची आणि आत शिरायचं. आत जाणार एकच. बाकीच्यांचं आयुष्य बाहेरच संपणार.

त्यांत दोघे शेजारी होते. एक साधा, एक हेवेखोर. अंगरखे दोघांचे सारखेच. पण हेवेखोराला स्वतःचा कधी दिसलाच नाही. तो आपला शेजाऱ्याकडे बघून जळे. "याचाच बरा चकाकतो! अंगरखे वाटणाऱ्याचा हा सोयरा असणार."

दोघे निघाले, दुसऱ्या देहात पोचले. तिथे वाटेवर एक आजीबाई बसली होती. येईल त्याला धरायची आणि उटणं लावून खसाखसा चोळायची. तिने आधी साध्याला हाक मारली.

हेवेखोर फणफणला. "बघा, इथेही याचाच नंबर आधी!"

आजीबाईने साध्याचा अंगरखा उतरवून बाजूला टाकला आणि अंगावरचं तेल पार काढलं. तो तिच्या हातून सुटला तेव्हा अगदीच किडकिडीत, फिका दिसत होता. हेवेखोराला असं गार वाटलं म्हणून सांगू!

"ये रे बाळा," आजीबाई म्हणाली, "आता तू."

"मी? मला याच्यासारखा उघडाबोडका करणार? आणि माझा अंगरखा मग कुणाला द्याल, यालाच ना?"

"अरे, तो कुणालाच नको आहे. वाटेपुरताच होता तो."

"मग हा टाकलेलाही मीच नेतो!" असं म्हणून त्याने शेजाऱ्याचा अंगरखा उचलला, आपल्यावर चढवला आणि सुळकन पुढे निघाला. घासून घेण्यात वेळ न घालवल्यामुळे गोल घराशी तोच पहिला पोचला.

त्याने भिंतीला हात घातला. हात निसटला. पुन्हा घातला, पुन्हा निसटला. दोन अंगरख्यांचं तेल होतं ते. साबणाची वडी ओल्या फरशीवरून पळावी तसा तो भिंतीवरून घसरत राहिला.

एवढ्यात साधा आला. अंग हलकं झाल्यामुळे त्याचं शेपूट चाबकासारखं फटकारत होतं. त्याने भिंतीवर हात टेकला, आणि हात चिकटलाच.

"लेका, हाताला काय लावलंस?" हेवेखोर ओरडला.

"लावलं काहीच नाही रे. होतं तेही गेलं."

हे ऐकून त्याचा असा जळफळाट झाला, की भिंत सोडून त्याने शेजाऱ्याचं शेपूटच धरलं. मला नाही, तर तुलाही नाही! पण तेही हातातून सटकलं. साधा आत गेला, आणि त्याच्यामागे भिंत मिटली.

हेवेखोर उलटा फिरला. "आजीबाई, मलाही चोळा!" पण तोवर अंगातली ताकद सरली होती. दोन्ही अंगरख्यांसकट तो वाटेतच संपला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या अंगावर काय आहे हेच जो बघत राहतो, त्याला स्वतःच्या अंगावरचं काय उतरवायचं ते कळत नाही.

आता खरं सांगतो. आजीबाई मी घातली, उटणं मी घातलं, आणि शुक्राणूला हात नसतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण अंगावरचा थर उतरल्याशिवाय त्याला बीजांड धरता येत नाही, हे खरं. शिवाय बिचाऱ्याला हेवा वगैरे काही नसतो. तो मी माणसांकडून आणला. फार लांब जावं लागलं नाही.