सहा पंख्यांची घंटी

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. चैत्र सरत आलेला, आभाळ राखेसारखं झालेलं, आणि माळावरच्या बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. अशा उन्हात माणूस सावली शोधतो. शेडमधल्या कोंबड्यांनी कुठं जावं?

त्या माळावरच्या गावात बयाजी नावाचा एक पोल्ट्रीवाला राहायचा. वडील लवकर गेले, तेव्हा पाठच्या तीन भावांना त्यानंच वाढवलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या शेडात चार हजार कोंबड्या होत्या आणि त्यांना वारा घालायला सहा पंखे. पंख्यांच्या मोटरी सहा, पण त्यांना वीज जायची एकाच पेटीतून. ऊन वाढलं की पेटी पंखे जोरात फिरवायची, गारवा आला की हळू. तिच्यावर एक आकडा दिसायचा. सहाही मोटरी मिळून किती वीज ओढतात, त्याचा. आकडा हद्दीबाहेर गेला तर पेटी आपोआप थांबेल, म्हणून बयाजी निर्धास्त होता.

दुपारी चौथ्या पंख्याकडून जळका वास आला. बयाजी धावत पेटीपाशी गेला. आकडा हद्दीच्या आतच होता. पेटीनं काही कुरकुर केली नव्हती. मोटर मात्र जळून कोळसा झाली, आणि त्या कोपऱ्यातल्या दोनशे कोंबड्या तडफडून मेल्या.

वायरमन लतीफभाईनं मोटर उघडली. “बेअरिंग जाम झालं होतं, दादा. ही एकटी दुपटीनं ओढत होती. बाकीच्या पाच हलक्या चालत होत्या, म्हणून बेरीज बरोबर.”

“मग पेटीला कळलं कसं नाही?”

“तिला बेरीज कळते. कोण जळतंय ते कळत नाही. एका पेटीवर इतक्या मोटरी लावल्या, तर एकेकीला तिचा तिचा राखणदार पाहिजे.”

त्यानं प्रत्येक मोटरीला एक लहानसा रिले बसवला. एखादीवर भार जास्त झाला, की तेवढीच मोटर थांबायची आणि शेडच्या दारात घंटी वाजायची. घंटी वाजली की बयाजी हातातला घास ठेवून धावायचा. मोटरीला उलटा हात लावून बघायचा, पोरांचा ताप बघावा तसा. तिला निवू द्यायचा, पात्यांवरची धूळ पुसायचा, मगच चालू करायचा.

शेडातलं बाकीचं काम तिघा भावांचं. खाद्याची पोती वाहायची, पाणी चढवायचं, अंडी वेचायची. संध्याकाळी बयाजी ओट्यावर बसून एवढंच विचारायचा, “झालं का सगळं?”

“झालं, दादा.”

आणि खरंच झालेलं असायचं. कुणी किती केलं, हे त्यानं कधी विचारलं नाही. मधल्याला नेमकं पोती आली की गावात काम निघायचं. धाकट्याची कंबर धरायची. दोघांच्या वाट्याची पोती हैबती उचलायचा. तिघांत थोरला, आणि बोलायला कमी.

एकदा बयाजी मोटर पुसत होता. शेजारची शेवंताकाकू अंडी न्यायला आली होती. हैबती पोतं टेकवून हसत म्हणाला, “दादा, मोटरींचं बेस झालं बघ. दमली की बसायला मिळतं.”

बयाजीही हसला. हसला आणि पुसत राहिला.

वैशाखात पुन्हा तसाच एक दिवस उगवला. वारा नाही, सावलीतही चटके. हैबती भिंतीला टेकून बसला होता. अंगावर घामाच्या धारा, एक हात छातीवर. तेवढ्यात घंटी वाजली. बयाजी शेडकडे धावला. जाता जाता म्हणाला, “बसलास काय रे? टाकीत पाणी कोण चढवणार?”

“उठतो, दादा.”

दुसऱ्या पंख्याची मोटर तापली होती. बयाजी तिच्याजवळ बराच वेळ थांबला. हात लावून बघितलं, पुन्हा बघितलं. ती निवली, फिरू लागली, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

परत आला, तर हैबती तिथंच होता. एक हात शेजारच्या बादलीच्या कडीला होता. उठायला निघाला होता तो. अंगातला जीव मात्र गेला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सवयीनं बयाजीच्या तोंडून निघालं, “झालं का सगळं?” दारात खाद्याची पोती आली तशीच पडून होती. तेव्हा कुठं त्याला कळलं, ती रोज कोण उचलत होतं.

शेवंताकाकू ओट्याखाली बसली होती. बयाजी रडत म्हणाला, “काकू, एका शब्दानं बोलला नाही गं तो मला.”

तात्पर्य: काम पुरं झालं म्हणजे कुणी मोडत नाही असं समजू नये, ओझं वाहणाऱ्या एकेकाची वेगळी विचारपूस करावी. शेवंताकाकू त्या सांजेला बयाजीला हेच म्हणाली, “बोलला होता रे. तू हसलास. मोटरीला लतीफनं घंटी लावून दिली, बाबा. माणसाला घंटी नसते. त्याच्याजवळ जाऊन बसावं लागतं.”