जर्मन भाषेतला उंट

"…ते म्हशीचं राहू द्या. तुम्हाला जर्मन येतं का, आबा?"

"त्या भाषेत मला गप्प करणारा अजून जन्माला यायचाय," म्हाकूआबा म्हणाले.

मग कानातली काडी काढून स्वतःच्याच फुग्याला टाचणी लावली. "त्या भाषेत मी तोंडच उघडलं न्हाई. गप्प करणार कुणाला?"

म्हाकूआबा म्हणजे हेडी. आटपाडीच्या जनावरांच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मधोमध उभं राहून सौदा जुळवून देणारा माणूस. विकणाऱ्याला सांगायचं, तुझी म्हैस म्हातारी. घेणाऱ्याला सांगायचं, अजून नवरी हाय. पन्नास वर्षं हेच. शाळा तिसरीपर्यंत, पण तिसरी तीनदा केल्यामुळं ते स्वतःला पाचवी समजत. बाजार त्यांना 'गुरू' म्हणे. थोडं मानानं, बरंचसं चेष्टेनं. आबा दोन्ही ठेवून घेत.

बाजार उठला होता. चिंचेखालच्या दगडावर आबा, समोर चहाच्या गाड्यावर इस्माईल, मागं एक न खपलेली म्हैस.

आणि पुढ्यात उभी सुनयना ऐवळे. शेजारच्या घरातली पोर, मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स. तिच्या एका हाकेला अख्खा वॉर्ड अंथरूण नीट करायचा, डॉक्टरसुद्धा खिशातले हात बाहेर काढायचे. ऐवळ्यांच्या सात पिढ्यांत परदेशी निघालेली ती पहिलीच. त्याआधी लांब गेला होता तो तिचा चुलता, तोही चुकीच्या एसटीत बसून.

तिनं पुढं केलेला कागद आबांनी हातात घेतला. नीट धरला. मान मागं घेतली, भुवया वर नेल्या, "हं… हं…" असं दोनदा केलं.

"उलटा धरलाय, आबा."

"सुलटा धरून कुणीबी वाचतंय."

इस्माईल हसला. आबाही हसले. कागदावर त्यांना नुसत्या मुंग्या दिसत होत्या, त्याही एकमेकींत मिसळलेल्या. पण हे सांगायला ते काय खुळे होते?

"म्हणून म्हणते, मिरजेला चला," सुनयना म्हणाली. "मोतीबिंदू पिकलाय तुमचा. ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवू का?"

"पिकलाय तर पडंल आपोआप. तू तुझं बोल. काय लिवलंय ह्यात?"

तिनं सांगितलं. जर्मनीतल्या एका दवाखान्यानं तिची जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवली होती. भाषेच्या परीक्षेचा दाखला आला तर जागा तिची, नाही तर दुसऱ्या कुणाची. वाचन झालं, ऐकणं झालं, लिखाणात तर शंभरात चौऱ्याण्णव. बोलण्यात मात्र ती दोनदा आपटली होती, आणि दोन्ही वेळा एकाच दगडावर. दोन परीक्षार्थींना समोरासमोर बसवतात, एक विषय देतात आणि म्हणतात, आता मिळून ठरवा. तिसरी खेप सोमवारी, पुण्याला. दिवाळीआधी चौथी नाही.

"चाळीस विषय पाठ आहेत माझे," ती म्हणाली. "आमच्या क्लासात कुणाचे वीससुद्धा नाहीत."

"मग बोल की. ऐकू दे."

"मैत्रीण आजारी आहे, दवाखान्यात भेटायला जायचंय. दोघांनी मिळून ठरवायचं."

आणि तिनं सुरुवात केली. काय बोलत होती ते आबांना कळण्यासारखं नव्हतं, पण कसं बोलत होती ते कळत होतं. उताराला लागलेल्या बैलगाडीसारखं. कधी जायचं, कशानं जायचं, फुलं न्यायची की फळं, सगळं एका दमात. मागची म्हैस रवंथ थांबवून ऐकू लागली.

"झालं?"

"झालं. चार मिनिटं. एक चूक नाही."

"आन् ती दुसरी?"

"कोण दुसरी?"

"तुझ्यासंगं ठरवायला बसलीवती ती."

"ती होय… ती काही बोललीच नाही. घाबरट होती हो. मग मीच सगळं ठरवून टाकलं. उलट तिला मदतच झाली."

"आन् पयल्या खेपंला?"

"तेव्हा एक मुलगा होता. तोही गप्पच."

आबांनी मान हलवली. "दोनी खेपंला मुकीच भेटली म्हणायची. नशीब एकेकाचं."

सुनयनाच्या हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. आलं तेव्हा तिनं ओठ आवळले.

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

"बस हितं. हात दे."

हेड्याचा सौदा तोंडानं होत नसतो. टॉवेलखाली हातात हात घ्यायचे आणि बोटं दाबायची. एक बोट, दोन बोटं, पंजा. भोवती पन्नास माणसं माना लांब करून उभी असली तरी भाव कळतो तो दोघांनाच.

"ही म्हैस माझी. तू गिऱ्हाईक. बोल भाव."

सुनयनानं दोन बोटं दाबली.

आबा गप्प. हात लाकडासारखा.

तिनं तीन दाबली.

आबा चिंचेकडं बघत होते. चिंच कुठली, हिरवा धूर होता. पण बघत होते.

चार.

…

तिनं अख्खा पंजा दाबला, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून वर दुसरा हातही घातला.

आबांनी टॉवेल उडवला आणि ओरडले, "दिली! म्हैस दिली! सोडा रं बाईला!"

"अहो, पण तुम्ही तर काहीच बोलला नाहीत!"

"मी कुठं काय म्हणतोय? एक बोट हलवलं न्हाई मी. तू एकटीच चढत गेलीस."

इस्माईलनं चहाची किटली खाली ठेवली, कारण हसताना ती सांडत होती. "ताई, ह्या म्हशीला सकाळपासून कुणी फुकट नेत नव्हतं!"

सुनयनाचे कान लाल झाले. वॉर्डातली ती हाक तिच्या गळ्यापर्यंत आली होती. "ही म्हैस आहे, आबा. ती भाषा आहे."

"म्हशीला भाषा न्हाई व्हय? तिनं तुझी समदी जर्मन ऐकून घेतली. तुला तिचं काय कळलं?"

म्हशीनं शेपूट हलवली. सुनयनानं तिच्याकडं नीट बघितलं. आज दुपारपासून पहिल्यांदाच.

आबांनी गळ टाकावा तसा प्रश्न टाकला. "तिकडं 'आन् तुमी?' असं इचारायचं झालं तर काय म्हणत्यात?"

"…नाही सांगणार."

"का?"

"तुम्ही हसाल."

"मी? मी हसतोय व्हय कधी?"

सुनयनानं इस्माईलकडं पाठ केली आणि हळूच म्हणाली, "उंट झी."

"…काय?"

"उंट झी. उंट म्हणजे 'आणि'. झी म्हणजे 'तुम्ही'."

आबांनी टॉवेलाचा बोळा करून तोंडात कोंबला. तरीही आवाज बाहेर आलाच. मग ठसका लागला, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग इस्माईलला पाणी आणावं लागलं.

"बघा!" सुनयना म्हणाली. "म्हणून मी तो शब्दच टाकलाय. पहिल्या दिवशी सर म्हणाले, लिहिताना ड, पण बोलताना ट. उंड नाही, उंट. आमचा अख्खा बाक हसला. मी सगळ्यात जास्त. सरांनी बाहेर काढलं. तेव्हापासून ठरवलं, कागदावर कितीही वेळा लिहीन, तोंडात म्हणून येऊ देणार नाही. परीक्षेत हसू फुटलं तर?"

"म्हंजे दोनी परीक्षांत मिळून कितींदा म्हणालीस?"

"एकदाही नाही."

आबांचं हसू थांबलं. टॉवेल झटकून त्यांनी परत मांडीवर पसरला.

"चाळीस इषय गाडीत भरलंस," ते म्हणाले. "आन् उंट घरी बांधून गेलीस."

"हात दे."

पुन्हा टॉवेल. पुन्हा सुनयनानं दोन बोटं दाबली.

आबा गप्प.

एक शेळी ओरडली. इस्माईलनं दोन पेले विसळले. टॉवेलखाली तिचं तिसरं बोट शिवशिवलं, आबांना ते स्पष्ट कळलं. उचललं… थांबलं… परत खाली बसलं.

आबांनी आणखी थोडं ताणलं. म्हातारा माणूस, त्याला दुसरी करमणूक काय?

मग त्यांनी एक बोट हलवलं.

"ध्यानात आलं?"

"आलं," सुनयना म्हणाली.

"जा मग पुण्याला."

ती उठली, कागद घेतला, दोन पावलं गेली आणि वळली. "आबा, ते तारखेचं…"

"तिकडं शेळ्या कंच्या जातीच्या असत्यात गं? बघून ठेव."

सोमवार गेला. पुढं तीन बाजार गेले. या तीन बाजारांत आबांनी जे सांगायचं ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ऐवळ्यांची पोरगी जर्मन शिकली ती माझ्यापाशी. ह्याच दगडावर. क्लासवाल्यानं नुसते शब्द दिले, भाषा मी दिली.

"मग दोन शब्द बोला की जर्मन, गुरू," इस्माईल म्हणाला.

"उंट."

"आन् दुसरा?"

"दुसरा तिला ठिवलाय."

चौथ्या बाजारी, उन्हं कलताना, चिंचेकडं येणाऱ्या चपलांचा आवाज आबांनी ऐकला. हातात कागद आला. आबांनी तो डोळ्यांसमोर धरला, मान मागं घेतली आणि म्हणाले, "पास."

"वाचलंत?"

"तुझ्या चपला वाचल्या. नापास माणूस असा चालत न्हाई."

ती त्यांच्याशेजारी दगडावर बसली. आबांना छाती आत ठेवणं जमेना. "सांग. पयल्यापासनं सांग. इस्माईल, गाडा बंद कर अन् हिकडं ये. कोण होतं समोर?"

"लातूरकडची एक बारीकशी मुलगी. ओळखपत्र सारखं उलटसुलट करत होती. विषय तोच आला, आजारी मैत्रीण. मी म्हटलं, माझ्या मते शनिवारी जाऊ. उंट झी?"

"हसलीस?"

"नाही."

"मग?"

"मग ती गप्प. आबा, भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. परीक्षकबाई पेन्सिल वर धरून बसलेल्या. माझं बोट टेबलाखाली…"

"दाबलंस?"

"धरून ठेवलं."

"पुढं?"

"मग ती म्हणाली, शनिवारी नको. शनिवारी घरच्यांची गर्दी असते, रोग्याला झोप लागत नाही. बुधवारी जाऊ." सुनयना हसली. "मी सहा वर्षं वॉर्डात आहे, आबा. मला सुचलं नव्हतं."

"आन् ती?"

"तीही पास."

आबा उठून उभे राहिले. बाजारात असतील नसतील तेवढी माणसं आणि जनावरं यांना उद्देशून त्यांनी आरोळी ठोकली, "ऐकलं का रं! दोनी पास! एक माझी शिष्या, आन् दुसरी शिष्येची! जर्मनीत आता आपला माणूस हाय!"

कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी. तीच म्हैस अजून खपली नव्हती, तिनंही मान वर केली.

आबा बसले. दम लागला होता, पण प्रश्न संपले नव्हते. जाणार कधी? पुढच्या महिन्यात. थंडी किती? फार. भाकरी? पीठ नेणार. आई रडली? रडली. बाप? गोठ्यात जाऊन. राहणार कुठं? दवाखान्याच्याच खोलीत. सुनयना एकेकाचं उत्तर देत होती, आणि उत्तर देता देता तिनं आबांच्या हातातला कागद हळूच काढून घेतला, सुलटा केला आणि परत त्यांच्या हातात दिला.

आबा क्षणभर थांबले. या वेळी इस्माईल हसला नाही.

"…तिकडचं रोगी तरी ऐकतील का गं तुझं?" आबांनी घाईघाईनं विचारलं.

सुनयनानं त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. दोघांच्या हातांवर टाकला. खालून त्यांचं एकच बोट दाबलं आणि धरून ठेवलं.

"तिकडचे ऐकतील हो," ती म्हणाली. "उंटावरून शेळ्या हाकणारा मला एकच भेटलाय, तो इथं बसलाय. माझ्या मते मिरजेला बुधवारी जाऊ. … उंट झी, आबा?"