साहेबाचं टेबल आणि कावेहीची लाट

फार फार वर्षांपूर्वी, साखरेची जहाजं अजून शिडांवर चालायची, तेव्हा हवाई बेटांच्या उत्तर अंगाला होनोमोए नावाचं एक गाव होतं. मागे हिरवे कडे, पुढे काळा खडक, मधे अळूची खाचरं आणि माडांच्या सावलीत शंभरेक घरं.

थंडीच्या दिवसांत दूर उत्तरेच्या समुद्रात वादळं उठायची. ती वादळं गावाला कधी दिसायची नाहीत, पण त्यांच्या लाटा हजार कोस चालत यायच्या आणि गावासमोरच्या बुडीत खडकाला ठेचकाळून उभ्या राहायच्या. त्यांतली सगळ्यांत मोठी जी, तिला लोक थोरली म्हणायचे. थोरली वर्षातून दोनदा नाहीतर तीनदा यायची. ती फुटली की घराघरांतली भोपळ्याची भांडी आपोआप हलायची, असं म्हणतात.

त्या गावात लाटेवर स्वार होणं ही काही चैन नव्हती. ते नमस्कार करण्यासारखंच होतं. बाप्ये, बायका, नातवंडं झालेल्या आज्या, सगळे आपापली फळी घेऊन पाण्यात शिरायचे आणि लाटेवर उभे राहून किनाऱ्याला यायचे. पण थोरलीवर उभी राहणारी एकटीच, कावेहीची आई.

तिची फळी तिनं स्वतः घडवलेली होती. विलीविली नावाचं झाड तिकडे होतं, आपल्या पांगाऱ्याच्या भावकीतलं, लाकूड अगदी हलकं. ते तोडण्याआधी तिनं त्याच्या मुळाशी तांबडा मासा ठेवला, झाडाची माफी मागितली आणि मग कुऱ्हाड लावली. फळी अकरा हात लांब झाली. रानअक्रोडाचं तेल चोळून चोळून ती काळीभोर आणि गुळगुळीत केली. त्या फळीवर पोटाशी धरून तिनं कावेहीला पहिली लाट दाखवली, तेव्हा कावेहीला दातही आले नव्हते.

मग जहाजांबरोबर ताप आला, देवी आल्या. निम्मं गाव गेलं. कावेहीची आईही गेली. आणि उरलेल्यांचे डोळे अजून सुकले नव्हते, तोच साहेब आला.

साहेबानं कागद आणला. कागदावर लिहिलं होतं की कड्यापासून पाण्यापर्यंतची जमीन आता त्याची. वाचता कुणाला येत होतं? अळूची खाचरं बुजली, ऊस उभा राहिला. पण पाणी चांगलं फुटलं की माणसं कोयते टाकून समुद्राकडे पळायची. ते साहेबाला खपेना. त्यानं दवंडी पिटवली, “लाटांवर उघडंनागडं खेळणं हा आळस आहे आणि पापही. आजपासून बंद.”

दुसऱ्या दिवशी त्याची माणसं बैलगाड्या घेऊन घरोघर फिरली आणि एकूण एक फळी उचलून घेऊन गेली. काहींचे शाळेसाठी बाक झाले. एकीचं डुकराच्या खुराड्याला दार झालं. सांगा, ज्या झाडाची कुणी हात जोडून माफी मागितली होती, त्याचं काय झालं, तर खुराड्याचं दार! आणि अकरा हातांची ती काळीभोर फळी साहेबाच्या मनात भरली. त्यानं तिला खालून चार पाय ठोकले आणि जेवणघरात मांडली.

कावेहीनं काय केलं? ती त्याच बंगल्यात कामाला लागली. गाव तिच्यावर थुंकलं. म्हातारा नाओने, जो तिच्या आईचा मामा होता, तिला वाटेत अडवून म्हणाला, “पोरी, तुला लाज नाही वाटत? आईच्या पाठीवर त्यांची उष्टी मांडतेस?”

कावेही म्हणाली, “मामाआजा, लाकूड तेलावाचून तडकतं. माझ्यावाचून कोण लावणार?”

म्हातारा वाटेतून बाजूला झाला. सात वर्षं कावेहीनं रोज सकाळी त्या टेबलाला रानअक्रोडाचं तेल चोळलं. साहेब पाहुण्यांना सांगायचा, “बघा, अशी इमानी मोलकरीण मिळायची नाही.” पाहुणे हसायचे, रस्सा सांडायचे, आणि कावेही तो पुसायची. दात इतके आवळून पुसायची की दाढेचा तुकडा उडाला होता, असं म्हणतात.

आठव्या थंडीत एके सकाळी भोपळ्याची भांडी हलली. समुद्र वरून गुळगुळीत होता, पण लांबवर काळ्या रेघा उमटत होत्या. त्याच दिवशी साहेबाला पाहुण्यांना देवमासे दाखवायचे होते. बरोबर त्याची बहीण, दोन पाहुणे आणि वल्ही मारायला गावातलेच दोघे भाऊ.

कावेही दारात आडवी उभी राहिली. “साहेब, आज जाऊ नका. थोरली येतेय.”

“पाणी आरशासारखं आहे,” साहेब म्हणाला. “तू भांडी घास.”

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. पण वल्हं टाकलं तर घर जाणार होतं, कारण घराखालची जमीनही साहेबाची. ते गेले.

होडी बुडीत खडकापाशी पोचली आणि पहिली काळी रेघ उभी राहिली. होडी भेंडाच्या काटकीसारखी उलटली. किनाऱ्यावर गाव जमलं. साहेबाची माणसं दुसरी होडी लोटू लागली, पण लाटेनं ती उचलून त्यांच्याच अंगावर फेकली. नाओने ओरडला, “फळीशिवाय कुणी पोचणार नाही! आणि फळ्या कुठायत? त्यांवर पोरं बसून पाढे म्हणतायत!”

कावेही बंगल्यात धावली. टेबल जेवणासाठी मांडलेलं होतं, पांढरी चादर, चिनी मातीच्या ताटल्या, काचेचे पेले. तिनं चादर धरली आणि एका हिसक्यात सगळं जमिनीवर आणलं. मग टेबल उलटं पाडून लाकडं फोडायच्या कुऱ्हाडीनं त्याचे चारही पाय उडवले. स्वयंपाकी कोपऱ्यात उभा होता. त्याला म्हणाली, “ते टोक उचल.” त्यानं मुकाट्यानं उचललं.

पाण्याला पाठ लागताच ती फळी शहारली, असं म्हणतात. सात वर्षांनी ती घरी आली होती.

कावेही पालथी पडून हातांनी पाणी मारत निघाली. लाट आली की फळीसकट तिच्या पोटात बुडी मारायची आणि पलीकडून निघायची. पहिल्या फेरीत तिनं दोघा भावांना आणलं. दुसऱ्या फेरीत साहेबाची बहीण आणि एक पाहुणा. तिसऱ्या फेरीत दुसरा पाहुणा आणि साहेब. तिचे हात खांद्यातून निखळायला आले होते. मागे वळून बघते तो क्षितिजच दिसेना. थोरली उभी राहिली होती, एकावर एक दोन माड ठेवावेत एवढी.

पाहुण्याला तिनं पायाशी आडवं केलं, साहेबाला छातीशी. “डोळे मीट,” ती त्याला म्हणाली, “आणि हलू नकोस. आयुष्यात एकदा तरी ऐक.”

आणि ती उभी राहिली. लाटेच्या उतारावरून फळी सुटली, तिच्यामागे अख्खा समुद्र कोसळत होता. ती लाट फुटायची थांबली, कावेही खाली उतरेपर्यंत तशीच उभी राहिली, असं म्हणतात. फेस ओसरला तेव्हा फळी वाळूला लागलेली होती आणि साहेब खोकत होता.

आता तुम्ही म्हणाल, साहेबानं तिचे पाय धरले असतील. ऐका तर.

तिसऱ्या दिवशी साहेबानं तिच्यावर फिर्याद लावली. घरात नासधूस केली, टेबल मोडलं. न्यायाला बसला तो साहेबाच्याच पंक्तीला जेवणारा. निवाडा शाळेत ठेवला होता. गाव बाकांवर बसलं होतं.

न्यायाधीश म्हणाला, “टेबल तू मोडलंस?”

“टेबल नाही. माझ्या आईची फळी. तिला पाय ठोकले होते, ते मी काढले.”

“यादीत टेबल लिहिलंय.”

“यादी लिहिणाऱ्यानं माझ्या आईला विचारलं होतं?”

साहेब उठला. आवाज मऊ करून म्हणाला, “हिनं सगळ्यांदेखत माफी मागावी, मी सोडून देतो. वर दर रविवारी पाहुण्यांसमोर लाटेवर उभी राहायची परवानगीही देतो.”

कावेहीनं त्याच्याकडे पाहिलं.

“परवानगी?” ती म्हणाली. “समुद्र काय तुझ्या बापानं खणला? तुला वाचवलं त्याची मी माफी मागू? या लोकांना बसायला दिलंस ते काय आहे, विचार त्यांना!”

म्हातारा नाओने बाकावरून उठला. वाकून त्यानं बाकाच्या खालच्या अंगावरून हात फिरवला. “ही माझ्या भावाची आहे,” तो म्हणाला. त्याच्या शेजारची बाई उठली. मग तिच्यामागची. न्यायाधीश हातोडा आपटत राहिला आणि गावानं शाळेतले सगळे बाक उचलले, पाय लाथेनं मोडले आणि मागेपुढे न बघता थेट समुद्राकडे चालू लागलं. कुणीतरी जाऊन खुराड्याचं दारही काढून आणलं. त्या दुपारी पाण्यात इतकी माणसं होती की लाटांना जागा उरली नाही, असं म्हणतात. एवढ्या लोकांना ठेवायला त्या बेटावर तुरुंग नव्हता. बंदी कागदावर राहिली.

कावेही म्हातारी झाली तरी थोरलीला चुकली नाही. केस पांढरे झाले, पाठ वाकली, पण फळीवर ती सरळ व्हायची. एका थंडीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती थोरलीवर उभी राहिली. लाट किनाऱ्याला आली, फळी आली, कावेही आली नाही. ती परत समुद्राकडे निघालेल्या लाटेवर चढली, असं म्हणतात, आणि तशी लाट त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

आज तिथे पक्का रस्ता आहे, हॉटेलं आहेत. रस्त्याच्या कडेला पितळी पाटी आहे आणि तिच्यावर लिहिलंय की या लाटेवर सर्वांत आधी साहेबाचा नातू उभा राहिला. तो नातू आला, तेव्हा कावेहीला जाऊन तीस वर्षं झाली होती. पाटी बदला म्हणून गावानं किती अर्ज केले! उत्तर येतं, लेखी पुरावा आणा.

म्हणून गाव आपला पुरावा पाण्यावर ठेवतं. थंडीत थोरली पहिल्यांदा येते, त्या दिवशी जगभरचे स्वार, कॅमेरे, बक्षिसं घेऊन आलेले लोक, सगळे वाळूवर थांबतात. थांबावंच लागतं, कारण गावातल्या बायका पाण्याच्या कडेला हातात हात घालून उभ्या असतात. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी पुढे होते आणि पाटीकडे पाठ करून विचारते, “पहिली कुणाची?”

“कावेहीची!” अख्खा किनारा ओरडतो.

आणि ती पहिली लाट, एकावर एक दोन माड ठेवावेत एवढी, रिकामी येते, रिकामी फुटते. तिच्यावर कुणी पाय ठेवत नाही.